साठच्या दशकातले सायकेडेलिक अल्बम: एकही गाणं न वगळता ऐकावा असा तुमचा कोणता?

बाजू_ब · शनिवार, रात्री १०:४०

रेकॉर्ड प्लेयरची सुई बदलली. तीन महिने उजव्या बाजूचा आवाज पडसं झाल्यासारखा येत होता, तो मोकळा झाला. त्या आनंदात दुपारी बीटल्सची 'रिव्हॉल्वर' लावली. बाहेर पाऊस, बायको माहेरी, वीज चक्क होती. शेवटचं 'टुमॉरो नेव्हर नोज' संपलं तेव्हा पाच मिनिटं उठवेना. हे गाणं आधी शंभरदा तरी ऐकलंय, पण डोंबिवली फास्टमध्ये, एका कानात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सायकेडेलिक म्हणजे नशेत जग वितळावं-वाकावं तसं वाजणारं रॉक. आणि हे गाणं अल्बममध्ये शेवटी असलं तरी ध्वनिमुद्रण सगळ्यात आधी याचंच झालं, एप्रिल १९६६मध्ये. जवळपास अख्खं गाणं एकाच कॉर्डवर, म्हणजे एकाच स्वरगुच्छावर, उभं आहे. सुरुवातीला तंबोरा. त्यावर टेपचे तुकडे टोकाला टोक चिकटवून केलेली वेटोळी फिरतात. ती समुद्रपक्ष्यासारखी किंकाळी म्हणजे मॅकार्टनीचं हसणं आहे, वेग वाढवलेलं. लेननला आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलतायत असा हवा होता. इंजिनिअर जेफ एमेरिक, वय वर्षं २०. त्याने हॅमंड ऑर्गनचा गरगर फिरणारा लेस्ली स्पीकर ओढला आणि लेननला त्यातून गायला लावलं. टेपची वेटोळी ताणून धरायला माणसं हातात पेन्सिली घेऊन उभी होती.

तर प्रश्न शीर्षकात आहेच. अटी: १९६५ ते ६९. अख्खा अल्बम, निवडक गाण्यांचं संकलन चालणार नाही. आणि कारण द्यायचं. 'सगळेच भारी' म्हणणाऱ्यांनी वाचनखूण साठवून शांत बसावं.

धुकटमन · शनिवार, रात्री १०:५२

पिंक फ्लॉइडचा 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'. विषय संपला.

बाजू_ब · शनिवार, रात्री १०:५५

संपला कसा? कारण?

धुकटमन · शनिवार, रात्री ११:३०

घ्या कारण. तुमची 'रिव्हॉल्वर' आली ५ ऑगस्ट १९६६ला. 'पायपर' आली एका वर्षाने, ऑगस्ट १९६७मध्ये. स्टुडिओ तोच, ॲबी रोड. निर्माता नॉर्मन स्मिथ, म्हणजे आधी बीटल्सचाच इंजिनिअर. शेजारच्या खोलीत बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'चं काम चालू. एवढं सगळं शेजारी असून फ्लॉइडचा अल्बम बीटल्ससारखा वाजत नाही, यातच त्यांचा गायक-गिटारवाला सिड बॅरेट काय चीज होती ते आलं.

लोक फ्लॉइडच्या नंतरच्या 'डार्क साइड'पासून मागे येतात आणि 'पायपर'पाशी अडखळतात, कारण त्यांना गंभीर, तत्त्वज्ञ फ्लॉइड हवा असतो. इथे बुटका बागेत फिरतोय, मांजर आहे, सायकल आहे, बुजगावणं आहे. आणि मध्येच 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह', साडेनऊ मिनिटांच्या वर, शब्द नाहीत. बालगीतांच्या पुस्तकात कोणीतरी अंतराळाचा नकाशा घालून ठेवावा तसं. सिड तारांवरून सिगारेट लायटर फिरवायचा, ती घसरण ऐका.

मोनो ऐका, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेली आवृत्ती. स्टिरिओत त्या गाण्याच्या शेवटी आवाज या कानातून त्या कानात पळवलाय, मला तर गरगरतं.

मुखपृष्ठावर चौघांच्या चेहऱ्यांचे चार-चार चेहरे झालेत ना? ती प्रिझमची भिंग जॉर्ज हॅरिसनने छायाचित्रकार विक सिंगला दिली होती. म्हणजे बीटल्स इथेही घुसलेच.

पाटी_कोरी · शनिवार, रात्री ११:४८

मस्त धागा. सविस्तर उद्या लिहिते, आत्ता फक्त हात वर: लव्ह या बँडचा 'फॉरेव्हर चेंजेस'. आणि झॉम्बीज हा बँड. दोन सांगितले म्हणून ओरडू नका.

तिरकिट_धा · रविवार, सकाळी ७:१५

विरजण घालतो. सतरा वर्षं तबला शिकलोय आणि या सगळ्या प्रकाराचा मला मनापासून कंटाळा आहे. १९६६-६७ साली लंडनमध्ये ज्याच्या हाती सतार लागली त्याने ती गिटारसारखी टुणटुणवली, मागे तंबोरा सोडला, झालं अध्यात्म. पंडित रविशंकरांनी सतार जुळवून घेतली तर लोकांनी टाळ्या पिटल्या, हे तर जगजाहीर आहे. गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सच्या 'ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह'चं कव्हर बघा. विश्वरूपाच्या देवळाबाहेरच्या चित्राला बँडमधल्या तिघांची तोंडं चिकटवलीत. आपल्या घरातल्या वस्तू कोणीतरी न विचारता दिवाणखान्यात मांडाव्यात तसं वाटतं मला.

बाजू_ब · रविवार, सकाळी ९:०२

टाळ्यांचा किस्सा बांगलादेश कॉन्सर्टचा, १९७१. धाग्याच्या हद्दीबाहेर.
बाकी मुद्दा दमदार आहे, त्यावर बोला मंडळी.

शणै_गोंयकार · रविवार, सकाळी १०:२०

तिरकिटराव, त्या कव्हरबद्दल. हेंड्रिक्सलाही ते आवडलं नव्हतं! त्याचं म्हणणं, मला 'इंडियन' हवं होतं ते माझ्या आजीकडच्या अमेरिकन इंडियन रक्ताचं, यांनी भारत आणून ठेवला. कंपनीने परस्पर उरकलेलं काम.

आता घरचा किस्सा. फोंड्याच्या घरी मी ती रेकॉर्ड नवीन आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आजी देवपूजा आटपून बाहेर आली, सवयीने हात जोडले, मग चष्मा वर करून जवळ गेली. बराच वेळ बघितलं. "अरे, ह्या देवाक केस कोणे कापूंक ना?" म्हणाली आणि आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. टाकली नाही, फाडली नाही. देवाचं चित्र आहे म्हणून टाकवेना आणि बाकीचं बघून पुजवेना.

माझं मत मात्र 'इलेक्ट्रिक लेडीलँड'ला, १९६८. त्यातलं '१९८३' म्हणून पावणेचौदा मिनिटांचं गाणं आहे, माणसं जमीन सोडून समुद्रात राहायला जातात. जूनमध्ये किनाऱ्यावर लाल बावटे लागले की मी हेच लावतो.

पाटी_कोरी · रविवार, दुपारी १:१०

आजींना दंडवत __/\__

आता माझं. 'फॉरेव्हर चेंजेस' नोव्हेंबर १९६७मध्ये आला. लॉस एंजेलिसचा लव्ह हा बँड, म्होरक्या आर्थर ली, वय २२. सगळा कॅलिफोर्निया केसांत फुलं माळून नाचत असताना याच्या डोक्यात पक्कं बसलेलं की आपण लवकरच मरणार, आणि हे आपलं शेवटचं सांगणं. बँडची अवस्था इतकी वाईट की पहिल्या दोन गाण्यांना भाड्याचे वादक बोलावले. ते बघून बाकीच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग पोरं सुधारली, स्वतः वाजवायला लागली.

यात सतार नाही, उलटी फिरवलेली टेप नाही. सायकेडेलिक म्हणावं असं वरवर काही नाहीच. साधी लाकडी गिटार, व्हायोलिनं, मेक्सिकन लग्नात वाजतात तसे ट्रम्पेट. पण एखादं वाक्य शेवटच्या शब्दाआधी तोडलेलं असतं आणि तो शब्द पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन पडतो. ऊन लख्ख पडलेलं आहे आणि कुठेतरी काहीतरी जळतंय असा वास. मला ही नशा टेपच्या खेळांपेक्षा जास्त चढते. अमेरिकेच्या यादीत १५४व्या क्रमांकापर्यंतच पोचला बिचारा. आर्थर ली मेला नाही हे महत्त्वाचं. २००६पर्यंत जगला, आणि २००३मध्ये लंडनला रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाद्यवृंदासकट अख्खा अल्बम गायला.

झॉम्बीजचं थोडक्यात. 'ओडेसी अँड ओरॅकल', एप्रिल १९६८. मुखपृष्ठावर 'ओडेसी'चं स्पेलिंग चित्रकाराने चुकवलं आणि ते तसंच छापलं गेलं. हेही ॲबी रोडला, 'पेपर'नंतर लगेच. लेननने तिथे ठेवलेला मेलोट्रॉन, म्हणजे टेपवर भरलेले सूर वाजवणारी पेटी, यांनी बिनदिक्कत वापरला. कंपनीने दिलेले हजार पौंड मोनोतच संपले, मग स्टिरिओ मिश्रणाचे पैसे गाणी लिहिणाऱ्या दोघांनी खिशातून भरले. अल्बम येईपर्यंत बँड फुटलेला. आणि १९६९मध्ये त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर! बँडच नाही म्हटल्यावर तिकडे तोतये झॉम्बीज उभे राहिले. त्यातल्या एका तोतया टोळीतले दोघे पुढे झेडझेड टॉपमध्ये गेले. सदाशिवरावभाऊंचा तोतया यापुढे फिका.

अर्धवट_कॅसेट · रविवार, दुपारी १:४५

बाळबोध प्रश्न: काही न 'घेता' हे संगीत ऐकण्यात अर्थ आहे का? (मित्रासाठी विचारतोय.)

धुकटमन · रविवार, दुपारी १:५२

मित्राला नमस्कार सांगा.

फ्रीमाँटची_वहिनी · रविवार, दुपारी २:३०

मित्राला हेही सांगा की टेक्सासच्या थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स या बँडने १९६६मध्ये अल्बमच्या नावातच 'सायकेडेलिक' घातलं. त्यांच्यात एक गृहस्थ फक्त जग वाजवायचे. जग म्हणजे पाणी प्यायचा, त्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात गळ्यातून आवाज काढायचे. ती बुडबुड अख्खा अल्बमभर आहे. गायक रोकी एरिक्सन. १९६९मध्ये एका गांजाच्या कांडीपायी पकडला गेला. तुरुंग टाळायला वेडाचा बचाव घेतला आणि १९७२पर्यंत मनोरुग्णालयात अडकला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. फ्लॉइडच्या सिडचंही मन असंच ढासळलं, ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. मी दोघांनाही चहा पीत ऐकते, आलं घातलेला.

बरं, इथलं सांगते. सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पींची जुनी वस्ती आहे, हाइट-ॲशबरी. तिथे पाहुण्यांना घेऊन दर उन्हाळ्यात जावंच लागतं. रंगीत बनियन, उदबत्त्या, ७१० ॲशबरी या ग्रेटफुल डेड बँडच्या घरासमोर फोटो. एकच खरी जागा, अमीबा हे रेकॉर्डचं दुकान, जुन्या बोलिंग ॲलीत आहे. तिथूनच मी डेडची 'लाइव्ह/डेड' घेतली, १९६९ची. 'डार्क स्टार' २३ मिनिटं. माझ्या नवऱ्याला ती २३ मिनिटं वाद्यं जुळवतायत असं वाटतं.

पण तिरकिट_धा, तुम्ही त्याच रेकॉर्डवरचं 'द इलेव्हन' ऐका. ११ मात्रा! डेडचा ढोलवाला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे लयीचे धडे घेत होता. अली अकबर खाँसाहेबांचं कॉलेज १९६७मध्ये बर्कलीला निघालं, पुढे सॅन राफेलला गेलं. डेडची मंडळी त्याच भागातली. म्हणजे सगळेच काही उदबत्ती लावून टुणटुणवत नव्हते. काही जण समोर बसून 'धा' कुठे पडतो ते मोजत होते.

तिरकिट_धा · रविवार, दुपारी ३:०५

११ मात्रा मोजल्या म्हणजे ताल आला असं नाही वहिनी. पण ऐकतो.

पंचेचाळीस_आरपीएम · रविवार, संध्याकाळी ६:४०

पोरांनो, मी या धाग्यावरचा बहुधा एकटाच, ज्याने ही गाणी नवीन असताना ऐकली. माझा जन्म १९४७चा, बालपण गिरगाव. तेव्हा आम्हाला हे 'सायकेडेलिक' वगैरे आहे हे ठाऊक नव्हतं. बीटल्सच्या रेकॉर्डी दमदमच्या कारखान्यात निघायच्या, त्या आम्हाला बिघडलेल्या वाटायच्या. मित्राच्या रेडिओग्रामवर 'रिव्हॉल्वर' लावली तेव्हा त्याच्या वडिलांनी उठून वायर तपासली होती.

मला त्यातलं 'लव्ह यू टू' दाखवायचंय तुम्हाला. त्या वेळी कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. पण 'रिव्हॉल्वर'च्या मागे बारीक अक्षरात एक नाव आहे, तबला: अनिल भागवत. आम्ही चाळीत ते कव्हर हातोहात फिरवलं होतं. भागवत! बीटल्सच्या रेकॉर्डवर भागवत! माझी आई म्हणाली, पुण्याचे की वाईचे ते विचारा.

दुसरी गोष्ट मला फार लागते. हॅरिसन १९६६मध्ये रविशंकरांकडे शिकायला मुंबईत आला. ताजमध्ये खोट्या नावाने उतरला, मिशा वाढवल्या, तरी लिफ्टवाल्या पोराने ओळखलंच आणि खाली ही गर्दी. ते सगळ्यांना माहीत आहे. पण जानेवारी १९६८मध्ये तो परत आला आणि फोर्टात, फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा भाग मुद्रित केला. स्टिरिओसाठी दोन ट्रॅकचं यंत्र भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून आणवलं. मी तेव्हा त्याच रस्त्यावर एका कचेरीत टंकलेखक होतो. दुपारी डबा खाऊन पान खायला त्याच फुटपाथवरून जायचो. वर बीटल बसलाय आणि खाली मी चुना जास्त झाला म्हणून पानवाल्याशी हुज्जत घालतोय. हे मला कळलं कधी, तर निवृत्तीनंतर.

त्या रेकॉर्डच्या कव्हरवर वादकांची यादी आहे. नक्की बघा. शहनाईला शरद आणि हनुमान जाधव, बासरीला केंकरे, हार्मोनियम आणि तबलातरंगला रिजराम देसाड, संतूरला शिवकुमार शर्मा, सरोदला आशिष खाँ. पण इंग्रजीत जाधवांचं झालंय 'जादेव' आणि शर्मांचं 'शेरमार'.

माझं मत 'वंडरवॉल'ला. अल्बम म्हणून तो विस्कळीतच आहे, चित्रपटासाठी केलेले तुकडे. तुमच्या अटीत बसत नसेल तर मत बाद करा. पण शहनाईचा तो तुकडा लागला की मला फोर्टातलं ऊन आठवतं.

शणै_गोंयकार · रविवार, संध्याकाळी ६:५८

काका, मत बाद करणाऱ्याला आमच्या आजीकडे पाठवू. आणि केंकरे म्हटल्यावर आम्ही गोंयकार नाव सोडणार नाही हं.

पाटी_कोरी · रविवार, संध्याकाळी ७:०४

"वायर तपासली" 😂
काका, असं अजून लिहा. वेगळा धागा काढा.

धुकटमन · रविवार, संध्याकाळी ७:३०

मुंबईचा विषय निघालाच आहे तर. किंक्स हा इंग्लिश बँड जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत थांबला. पहाटे त्यांचा गायक रे डेव्हिस याला कामावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं ऐकू आलं. त्यातून 'सी माय फ्रेंड्स' झालं, जुलै १९६५, म्हणजे बीटल्सच्या सतारीच्याही आधी. गंमत म्हणजे त्यात सतार नाहीच. गिटारचा एक सूर मागे गुणगुणत ठेवलाय तंबोऱ्यासारखा. अल्बम नाही, सुटं गाणं आहे, म्हणून हळूच लिहितोय. पण या सगळ्या प्रकरणात कोळीवाड्याचा वाटा कोणी मोजत नाही.

बाजू_ब · रविवार, रात्री ९:१५

काकांचं मत ग्राह्य. धागाकर्त्याचे विशेषाधिकार.

तिरकिटराव गप्प का?

तिरकिट_धा · सोमवार, पहाटे १२:५०

गप्प नव्हतो, ऐकत होतो. हेडफोन लावून, वही घेऊन. क्रमाने सांगतो.

एक. 'सार्जंट पेपर'वरचं हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू'. खमाजाच्या अंगाने जातं. गाताना १६ मात्रांचं चालतं आणि मधल्या वाद्यांच्या भागात झपताल धरलाय. दिलरुबा गळ्यामागून सावलीसारखा येतो, आपल्याकडे संगतीची सारंगी येते तसा. हे काम माहीतगार माणसांचं आहे, मान्य. शेवटी लोकांच्या हसण्याचा आवाज का घातला ते कळलं नाही. स्वतःच ओशाळला असावा.

दोन. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवातले रविशंकर, १८ जून १९६७. रविवारची दुपार आणि भीमपलास. वेळ पाळली! त्या गर्दीतही रागाची वेळ पाळली माणसाने. अल्लारखाँसाहेबांबद्दल मी काय बोलणार. त्याच रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्सने गिटार पेटवली, पंडितजींना ते सहन झालं नाही. मला पंडितजींचं पटतं. वाद्याला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो.

तीन. 'द इलेव्हन'. वहिनी, ११ मात्रा आहेत. सम मात्र दोनदा सांडली. पण नंतर सापडते, आणि सगळ्यांना एकदम सापडते. ऐकताना मी मांडीवर हात मारला हे कबूल.

चार, आणि यासाठी मी जागा आहे. 'लव्ह यू टू'. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं. सुरुवातीची अर्धं-पाऊण मिनिट चक्क आलाप, लय नाही, कोमल गंधार-निषाद, म्हणजे भीमपलासचाच काफी थाट. मग भागवत येतात. १६ मात्रा, सरळ तीनतालाचा बाज, पण बायाँ, म्हणजे डग्गा, ऐका. गाणाऱ्याची ओळ संपते तिथे घुमारा किंचित वर दाबून सोडलाय. गाणारा बिचारा एका सुरावर अडलेला, त्याच्याखाली बायाँ बोलतोय. हा माणूस साथ करतोय, पाट्या टाकत नाहीये.

आणि शेवट! गाणं संपलं म्हणता म्हणता लय दुप्पट होते. द्रुत सुरू झाली, तबला मोकळा सुटला, आता खरी मजा येणार, आणि त्या लोकांनी तिथेच आवाज हळूहळू बारीक करून टाकला! अरे, तिहाई तरी ऐकू द्यायची! साठ वर्षं होत आली या रेकॉर्डला, त्या खोलीत भागवतांनी पुढे काय वाजवलं असेल?

पंचेचाळीस_आरपीएम · सोमवार, सकाळी ६:१०

आम्ही चाळीत तिथे आवाजाचं बटण फिरवून पूर्ण मोठा करायचो. चार-पाच मात्रा जास्त मिळायच्या.

तिरकिट_धा · सोमवार, सकाळी ६:२२

आत्ता करून पाहिलं. आईने वायर तपासली.